वेगळेपण कामाला लागलं तेव्हा

माझी सगळी नोकरी रहिमतपुरात, एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्यात गेली. गावाला नगरपालिका असली तरी शिवाराला ऊस आणि आलं आहे, आणि वर्गातली निम्मी पोरं रानातलं काम आटोपून शाळेत येतात. अनेक भाषांचा, अनेक धर्मांचा वर्ग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मुंबई-पुणं येतं. माझ्या वर्गात मराठा, माळी, बौद्ध, लिंगायत, जैन, बागवान, मुलाणी, शिकलगार, वडार, कैकाडी अशा सगळ्या घरांतली मुलं एकाच वेळी बसत, आणि त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं.

धर्माच्या बाबतीत तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. जत्रेचा बोकड मुलाण्याच्या हातूनच कापायचा, ही रीत आजूबाजूच्या कितीतरी गावांत होती. रमजानात रोजा धरलेल्या मुलांना खेळाच्या तासाला सावलीत बसवायचं, हे नव्या शिक्षकाला कुणी सांगावं लागत नसे. नोव्हेंबर २०२३मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, तेव्हा माळकऱ्यांची, जैनांची आणि लिंगायतांची मुलं केळ्याच्या रांगेत उभी राहिली. चार दिवसांत या रांगेतून त्या रांगेत देवाणघेवाणही सुरू झाली. घरी कळणार नाही एवढी काळजी मुलं घेत.

गावात आदिलशाही काळातली मशीद आहे आणि जवळच मकबरा आहे. विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याच्याशी त्या मकबऱ्याचं नाव जोडलं जातं. परिसरभेटीला मुलांना तिथं नेलं की मी सांगायची, हाच रणदुल्लाखान शहाजीराजांना बरोबर घेऊन कर्नाटकाच्या मोहिमेवर गेला आणि त्यानंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. मुलं चमकायची. इतिहासात एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते, अशी सरळ मांडणी त्यांच्या डोक्यात असायची. ती त्या दगडांसमोर थोडी हलायची.

धर्म असा डोळ्यांना दिसतो. नावात, डब्यात, सणाच्या सुट्टीत दिसतो. भाषा मात्र दिसत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात मातृभाषा असा रकाना असतो. आमच्याकडचीच नव्हे, कुठल्याही शाळेतली जुनी रजिस्टरं चाळली तर त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘मराठी’ लिहिलेलं सापडेल. पहिल्या नावापुढे शब्द लिहायचा आणि खाली सगळीकडे दोन टिंबं ओढायची, अशी पद्धत. मुसलमान मुलापुढे फार तर ‘उर्दू’. ते मूल घरी दख्खनी बोलतं, आजीशी मराठी बोलतं आणि पुस्तकातली उर्दू त्याला आपल्या प्रमाण मराठीइतकीच शिकावी लागते, हे त्या रकान्यात मावत नाही.

ऑक्टोबर २०२१मध्ये टाळेबंदीनंतर शाळा पुन्हा भरल्या. तेव्हाच्या आठवीची मी वर्गशिक्षिका होते. वर्गात एक नवा मुलगा आला. त्याचं मूळ गाव खानापूर तालुक्यातलं आणि आजोळ आमच्या पंचक्रोशीतलं. वडील गलाई व्यवसायात, कोईमतूरला.

खानापूर-आटपाडीचा पट्टा ज्यांना माहीत आहे त्यांना गलाईवाले वेगळे सांगायला नकोत. दुष्काळाला कंटाळून तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. केरळ, तमिळनाडूपासून दिल्लीपर्यंत कुठल्याही सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात भट्टी आणि तेजाबाच्या वासात काम करणारा विट्याकडचा माणूस भेटतो. घरं गावाकडे बांधायची, लग्नं गावाकडे करायची, जत्रेला यायचं आणि पोरं मात्र तिथल्या शाळेत घालायची, असं त्यांचं आयुष्य. टाळेबंदीत धंदा बसला आणि कितीतरी कुटुंबं परतली. त्यांतलंच हे एक.

मुलगा फर्डी माणदेशी मराठी बोलायचा. ‘काय करतुयास’, ‘कुठं निघालाईस’ ऐकून वाटावं, हा कधी गावाबाहेर पडलाच नाही. पण त्याला देवनागरीचं अक्षर वाचता येत नव्हतं. तमिळनाडूच्या सरकारी शाळांत तमिळ आणि इंग्रजी या दोनच भाषा. हिंदी तिथं नसते, म्हणून त्या वाटेनंही ही लिपी त्याच्यापर्यंत आली नव्हती. रजिस्टरात मातृभाषा मराठी लिहिलेली, आणि ती शंभर टक्के खरीही. आठवीचं मराठीचं पुस्तक मात्र त्याच्यासमोर बंदच होतं.

त्याला पहिलीचं पुस्तक देऊन मागच्या बाकावर बसवणं सोपं होतं. तेरा वर्षांच्या पोराला ते किती लागतं, हे शिक्षकाला कळतं. त्याला कुणाच्या हवाली करावं, या विचारात मी वर्गावर नजर फिरवली आणि एका शिकलगाराच्या मुलावर ती थांबली. हा मुलगा उर्दू प्राथमिक शाळेतून पाचवीत आमच्याकडे आला होता. बाकीची मुलं देवनागरी केव्हा शिकली हे त्यांना आठवतही नव्हतं. यानं मात्र ती दुसरी लिपी म्हणून, डोकं लावून शिकली होती. कुठं अडतं हे त्यालाच ठाऊक होतं. मी दोघांना एका बाकावर बसवलं.

त्याची शिकवायची रीत मला बी.एड.ला कुणी शिकवली नव्हती. “आधी वरची रेघ मार. आता अक्षरं त्या रेघेला लटकव,” असं तो सांगायचा. वेलांटी अक्षराच्या आधी का काढायची आणि मागून का उच्चारायची, यावर दोघांचं भांडण व्हायचं. एक अडचण तर मलाही नवी होती. पोरगा ‘गाव’ बोलायचा आणि ‘काव’ लिहायचा. ‘दगड’ बोलायचा आणि ‘तकट’ लिहायचा. आधी मला तो धांदरटपणा वाटला, पण त्यानं वहीच्या मागच्या पानावर तमिळ मुळाक्षरं काढून दाखवली तेव्हा उलगडा झाला. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर आहे. त, थ, द, ध यांनाही एकच. कुठं काय उच्चारायचं ते शब्दातल्या जागेवरून ठरतं. त्याचा कान मराठी होता, हात तमिळ. त्या दिवशी फळ्यावर मी तमिळ, उर्दू आणि मराठी अशा तिन्ही वर्णमाला शेजारी लिहून घेतल्या, पहिल्या दोन त्या दोघांकडून. तो तास पूर्ण वर्गाला पुरला. आपल्या लिपीत इतकी अक्षरं कशासाठी, हा प्रश्न मुलांनी पहिल्यांदा विचारला.

मग एक गोष्ट घडली जिची मी अपेक्षाच केली नव्हती. हा मुलगा गणितं करताना आकडे तमिळमध्ये पुटपुटायचा. पुढच्या बाकावरची एक मुलगी ते ऐकून हसली आणि तिनं पुढचा आकडा सांगितला. वर्ग गप्प.

“तुला कसं कळलं गं?” मी विचारलं.

“बाई, आमच्या घरात असंच मोजत्यात. थोडंसंच येगळं.”

मुलगी कैकाडी समाजातली. रजिस्टरात तिच्यापुढेही मराठीच होतं. कैकाडी बोली द्राविडी कुळातली, तमिळच्या जवळची. टोपल्या, कणग्या विणत फिरणारा हा समाज. इंग्रजांनी १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अशा कितीतरी जमातींवर जन्मानं गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये गेला, समाजाची नोंद ‘विमुक्त’ अशी झाली, पण लोकांच्या नजरेतला संशय गेला नाही. अशा घरातलं मूल आपली बोली दारातच ठेवून शाळेत येतं. वर्गातल्या मुलांना त्या मुलीची एवढी वर्षं सोबत होती आणि तिला आणखी एक भाषा येते, याचा कुणालाच पत्ता नव्हता.

मी मुलांना कैकाडी समाजातल्याच लक्ष्मण माने यांच्याबद्दल सांगितलं. आपल्याच सातारा जिल्ह्यातले, फलटण तालुक्यातल्या सोमंथळीचे. त्यांचं ‘उपरा’ हे आत्मकथन १९८०मध्ये आलं आणि त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तक ग्रंथालयात होतं, ते मी त्या मुलीच्या हातात दिलं. तिनं ते दप्तरात ठेवलं. वाचलं का, हे मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिची आई शाळेत आली. मला वाटलं, खूश होऊन आली असेल. ती दाराशीच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, “बाई, आमची भाषा रजिस्टरात लिवू नगा. घरात हाय ती ठीक हाय. भाईर कळली की लोक येगळ्या नजरंनं बघत्यात. पोरीला तुमची मराठी चांगली येऊ द्या, बास.”

तिच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विविधतेत एकता हा निबंध मी वर्षानुवर्षं मुलांकडून लिहून घेतला होता. पण ज्यांना आपलं वेगळेपण लपवण्यात सुरक्षित वाटतं, त्यांना ते उघड करायला लावण्याचा अधिकार शाळेला कुणी दिला? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये शिक्षणाचं माध्यम शक्य तेवढं मुलाच्या मातृभाषेत असावं, असं म्हटलं आहे. कैकाडीतलं पाठ्यपुस्तक मी कुठून आणणार होते? मी रजिस्टरातली नोंद तशीच ठेवली. मुलगी मात्र त्यानंतर गणिताच्या तासाला मोठ्यानं आकडे मोजू लागली, आणि तिला कुणी थांबवलं नाही.

याच वर्गात एक वडाराचा मुलगा होता. वडारांची बोली तेलुगूच्या जवळची. रोज परिपाठाला आम्ही जी प्रतिज्ञा म्हणतो ती मुळात तेलुगूत, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२मध्ये लिहिली, हे मी एकदा परिपाठात सांगितलं. तो मुलगा मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, “बाई, मग ती आमच्या आजीला समजंल.” तेलुगू प्रतिज्ञा मी त्याला शोधून दिली, देवनागरीत उतरवून. आजीला अर्धीमुर्धी कळली म्हणे. अर्धीमुर्धीच तर आमच्या मुलांनाही मराठीतली कळते.

हे सारं चांगलं चाललं होतं आणि मुलं दहावीत गेली. १० सप्टेंबर २०२३च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून दंगल झाली. मशिदीवर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. पुसेसावळी आम्हाला लांब नाही. सोयरिकी, बाजारहाट, सगळं त्या बाजूला आहे. दुसऱ्या दिवसापासून वर्गातले काही बाक रिकामे दिसू लागले आणि बसलेल्या मुलांच्या तोंडी फोनवर आलेली वाक्यं होती. जत्रेचा बोकड, रोजा, ज्या वहिवाटीवर माझा भरवसा होता, ती एका रात्रीत किती पातळ होऊ शकते, हे तेव्हा दिसलं. शेजारी राहणं पुरत नाही.

शिकलगाराचा मुलगाही येत नव्हता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गलाईवाल्याचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “बाई, त्याच्या वह्या पुऱ्या करायच्यात. मी घिऊन जातो.” तो गेला, कैकाड्याची मुलगी आणि आणखी दोघं त्याच्याबरोबर गेली. कुणी सद्भावनेचं भाषण केलं नाही. दहावीचं वर्ष होतं, अभ्यास बुडत होता आणि ज्यानं त्याला अक्षर शिकवलं त्याचं त्याच्यावर ऋण होतं. सोमवारी मुलगा त्यांच्याबरोबर शाळेत आला. बाकीचे बाक भरायला जास्त दिवस लागले. या दोन गोष्टींमधला फरक मी विसरलेले नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात हे नव्यानं शिकावं लागावं, याचं वाईट वाटतं. १९१९मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढणारा हा जैन शेतकरी घराण्यातला मुलगा साताऱ्यात वसतिगृह चालवू लागला, तेव्हा त्यानं सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली आणलं. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. त्या बोर्डिंगची कथा सांगताना आपण एका पंगतीवर थांबतो. पण पंगतीच्या आधी त्या मुलांनी धान्य आणलं होतं, स्वयंपाक केला होता, झाडलोट केली होती, शेतात राबली होती. स्वावलंबन हे ब्रीद होतं. एकमेकांवाचून काम अडत होतं, म्हणून सोवळं टिकलं नाही.

आज आमच्या शाळांत वेगवेगळ्या राज्यांचे पोशाख घालून मुलं स्टेजवर उभी करतात, सर्वधर्मप्रार्थना होते, फोटो निघतात. त्याला माझा विरोध नाही. पण पोशाख संध्याकाळी परत करायचे असतात. ज्या मुलाला दुसरी लिपी येते त्याच्याकडून लिपी शिकून घ्या. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून येणारं बंजाऱ्याचं पोर मधूनच वर्गात बसतं. त्याला चार वाटा, दोन बोली आणि फडावरचा हिशोब येत असतो, तो त्याला वर्गाला सांगू द्या. वेगळेपणाचं कौतुक केलं की मूल अवघडतं. त्याची गरज लागली की ते ताठ बसतं.

जून महिन्यात नवी मुलं दाखल करून घेणाऱ्या शिक्षकांना माझं एवढंच सांगणं आहे. टिंबं ओढू नका. आईला विचारा, घरात काय बोलता. ती सांगेल तेच लिहा. ती ‘लिहू नका’ म्हणाली तर लिहू नका, पण आपण ऐकलेलं विसरू नका. त्या भाषेला वर्गात काय काम देता येईल, हे शोधणं ही शिक्षकाची जबाबदारी आहे, मुलाची नाही.