रिपोर्ट नॉर्मल, दुखणे खरे

२००६ साली विदर्भात चिकनगुनियाची साथ आली. वर्ध्यातल्या आमच्या मोहल्ल्यात घरोघरी माणसे आखडून पडली होती. बहुतेक सावरली. अम्मीचा ताप उतरला, पण अंगदुखी आणि थकवा राहिला. वुजूचे थंड पाणीही हातांना झोंबायचे. रक्ताचे, एक्स-रेचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. फुफी म्हणायच्या, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

अशा साथीनंतर काहींच्या सांध्यांना खरोखर सूज असते. ती आधी तपासावीच. पण सूज नसली म्हणजे दुखणे खोटे, असे नाही. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की इजेनंतर मज्जारज्जूच हळवा होतो, मग साध्या स्पर्शानेही कळ उठते. चोर गेला तरी घंटा वाजतच राहावी, तसे. २०१७ साली वेदना-अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने मज्जासंस्थेच्या अशा बिघाडातून होणाऱ्या वेदनेला वेगळे नावही दिले: नोसिप्लास्टिक. ही वेदना एक्स-रेत दिसणार कशी?

अम्मी आता खुर्चीवर नमाज पढते. आजाऱ्याला शरियतने ती सवलत दिलेलीच आहे. रमजानात अर्धी भजी ती तळते, अर्धी मी. थकण्याआधीच तिने उठायचे, हे आमचे ठरलेले.