ब्लाउजचं डॉक्टरांना कोण विचारणार?

हात वर जाईल का, पोळ्या लाटता येतील का, पदराखाली एक बाजू सपाट दिसेल का? राउंडला आलेल्या सर्जनच्या मागे पाच-सात विद्यार्थी उभे असताना हे कोण विचारणार? कॅन्सरच्या रुग्णांचं समुपदेशन हा माझा पेशा. तरी या प्रश्नांची उत्तरं मला रुग्णांना भेटायला जाणाऱ्या आमच्या स्वयंसेविकांनीच शिकवली. स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला आणि उपचार संपून किमान वर्ष उलटलेलं, अशाच बायका आम्ही घेतो.

मूळ कल्पना न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांची. १९५२ साली त्यांची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकत. पुढे हाताचं काय करायचं, कपड्यांत काय घालायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. मग त्या स्वतःच व्यायामासाठी चेंडू आणि दोरी घेऊन इतर बायकांच्या खाटांपाशी जाऊ लागल्या. काही डॉक्टरांना ही लुडबुड वाटली. पण 'रीच टू रिकव्हरी' हे त्यांचं काम १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्या पंखाखाली घेतलं.

परळला उपचार आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम, अशा बाईला आधी उपयोगाच्या गोष्टी हव्या असतात. जखम ओली असेतो ब्लाउजमध्ये हलका कापूस पुरतो. नंतर मात्र आत थोडं वजन हवं, नाहीतर ब्रा वर सरकते. आमच्या एका ताईंनी कापडी पिशवीत मोहरी भरून वजन साधलं होतं. काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या हाताची बांगडी घट्ट होतेय का, यावर लक्ष ठेवायचं. सूज बहुधा तिथेच आधी कळते. भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा व्यायाम ताई स्वतः करून दाखवतात. मी दाखवला तर बाया माझ्या हाताकडे बघतात, ताईंनी दाखवला की त्यांच्या छातीकडे.

प्रशिक्षणात आम्ही मुख्यतः गप्प बसायला शिकवतो. "मला सहाच केमो लागल्या" हे निरागस वाक्यही घात करतं, कारण समोरचीची गाठ हर-टू पॉझिटिव्ह असेल, तर तिची इंजेक्शनं साधारण वर्षभर चालतात. औषधावर बोलायचं नाही, डॉक्टर सुचवायचा नाही, आणि "धीर धर" तर नाहीच नाही. (हे शेवटचं पाळणं सर्वांत जड जातं. मलाही.)

स्वयंसेविकेचाच आजार परत आला तर? तिने थांबावं, रुग्ण घाबरतील, असं सहकाऱ्यांचं मत. मला ते पटत नाही. चौथ्या स्टेजच्या बाईसमोर आम्ही आजवर ठणठणीत बऱ्या झालेल्याच बसवत आलो, आणि ती त्यांच्याशी हवापाण्याचं बोलून त्यांना वाटेला लावते. ताईची तयारी असेल, तर तिला त्या खाटेपाशी पाठवावं, असं मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.