पार्ल्याची ऐट

विलेपार्ल्याला पूर्वेच्या बाजूस उतरलो, की माझे नाक अजूनही बिस्किटांचा खमंग वास हुंगू पाहते. १९२९ मध्ये सुरू झालेला तो कारखाना २०१६ मध्ये बंद पडला; नाकाला कोण सांगणार?

इर्ले आणि पाडले या दोन खेड्यांवरून हे नाव आले, असे म्हणतात. पार्ल्याची ऐट मात्र मूळची पैशाची नव्हे. नोकरदार माणसांनी पदरमोड करून येथे संस्था उभ्या केल्या. १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ! पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची छावणीही येथेच होती. पुढे १९५० मध्ये पार्ले मुंबईच्या हद्दीत गेले, तरी जुना पार्लेकर चर्चगेटला निघाला की 'मुंबईला जातो' असेच म्हणे.

आज ओसरीची बैठी घरे पाडून इमले उठताहेत. शेजारी विमानतळ आहे म्हणून उंचीला तरी लगाम; नाहीतर आभाळही विकले गेले असते! चांगली शाळा, दीनानाथ नाट्यगृह, हाकेच्या अंतरावर स्टेशन. कोणाला नको? पण ज्या मास्तरांमुळे गावाला भाव आला, तसल्या मास्तरांना आता येथे खोलीही परवडायची नाही.

परवा सेवा संघात व्याख्यान ऐकले. सभागृह भरलेले, पण बहुतेक डोकी पांढरी. शेजारच्या गृहस्थांना मुलाविषयी विचारले. म्हणाले, "विरारला राहतो. व्याख्यान संपते ना, तेव्हा त्याची गाडी पार्ल्यावरून पुढे जात असते."