चार रविवार, एकवीसशे रुपये

शेवटचा पेपर संपला की बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत एकच प्रश्न लिफ्टमधून वर-खाली फिरत असतो. ‘मग, यंदा कुठे?’ दुसऱ्या मजल्यावरचे काश्मीरला, पाचव्या मजल्यावरचे दुबईला आणि आम्ही... गेल्या वर्षी आम्ही बँकॉकला जाणार होतो. तसं मीच दिवाळीपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. हौस, दुसरं काय!

आणि फेब्रुवारीत नवऱ्याची कंपनी बंद पडली. शुक्रवारी मीटिंग, सोमवारी लॅपटॉप परत. घराचा हप्ता, लेकीची फी, सासूबाईंची औषधं, सगळं माझ्या एका पगारावर आलं. बँकॉक अर्थातच रद्द. आठ वर्षांच्या लेकीला सांगितलं, बाबांना मोठी सुट्टी मिळालीय. शेजारीपाजारी तर अवाक्षर काढलं नाही. नवरा मात्र लिफ्ट टाळून जिन्याने ये-जा करायला लागला. का, तर कुणी काही विचारायला नको. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो!

मग एका रात्री मी जमाखर्च मांडला. महिनाभर, दर रविवारी, चौघांना मिळून जास्तीत जास्त एक हजार रुपये. त्यात जिथे जाता येईल तिथे जायचं आणि रात्री घरी परतायचं. हॉटेल नाही, ओला-उबर नाही. लेकीकडे हिशोबाची वही दिली. ती एकदम खूश. माझ्या पोटात मात्र गोळा होता. म्हटलं, उपनगरात असं आहे तरी काय बघायला?

पहिला रविवार : जंगलातलं कॉलेज

सुरुवात घराजवळून. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आम्हाला चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि गेल्या सहा वर्षांत आम्ही तिथे किती वेळा गेलो? एकदाही नाही! सकाळी लवकर गेटवर पोहोचलो. उन्हाळ्यात हा एकच मंत्र : दहाच्या आत बघायचं ते बघून घ्या. रस्त्याकडेला बहावा पिवळाधमक फुललेला. आतल्या बसने कान्हेरीला उतरलो.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत आणि ती साधारण हजारभर वर्षं खोदली जात होती. सासूबाईंचे गुडघे बघून आम्ही सगळी चढण्याचा हट्ट धरला नाही. तिसऱ्या क्रमांकाचं मोठं चैत्यगृह खालीच आहे, त्यासमोरचे बुद्धमूर्तींचे प्रचंड पुतळे बघायला मान पार मागे टाकावी लागते. आई तिथल्या गारव्यात टेकल्या. आम्ही तिघं वर गेलो.

लेकीला मूर्तींपेक्षा आवडल्या त्या पाण्याच्या टाक्या. पावसाचं पाणी वाहून यावं म्हणून कातळात चर खोदलेत आणि लेण्यांच्या तोंडाशी टाकी. ‘म्हणजे यांना टँकर मागवावा लागायचा नाही?’ तिने विचारलं. आमच्या सोसायटीला दर मे महिन्यात मागवावा लागतो, ते तिला पाठ आहे.

इथल्या शिलालेखांत कल्याण आणि सोपाऱ्याच्या दानशूर लोकांची नावं आहेत, हे नवऱ्याने तिला सांगितलं. ‘सोपारा म्हणजे... नालासोपारा?’ ती थक्क. होय, आपल्या विरार लोकलमधलं तेच! मुंबईची बेटं कुणाच्या खिजगणतीत नव्हती, तेव्हा सोपारा हे नावाजलेलं बंदर होतं. आपण ज्याला ‘लांबचं’ म्हणून नाक मुरडतो, ते खरं तर इथलं सगळ्यात जुनं शहर.

खर्च ७९० रुपये. प्रवेश, बस, लेण्यांचं तिकीट आणि गेटबाहेर ताडगोळे. एक पुरी माकडाने पळवली, ती लेकीने वेगळ्या रकान्यात ‘दान’ म्हणून लिहिली. (सोमवारी उद्यान बंद असतं, रजा टाकून जाणार असाल तर ध्यानात ठेवा. आणि खाऊ पिशवीतच ठेवा!)

दुसरा रविवार : बोटीने किल्ल्यावर

बोरिवलीहून लोकलने भाईंदर, तिथल्या जेट्टीवरून रो-रो बोट आणि समोर वसई. ही बोट २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झाली. मोटारी, बाइक्स, टेम्पो आणि आमच्यासारखी पायी माणसं सगळी एकाच डेकवर. पायी जाणाऱ्याचं भाडं म्हणाल तर मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नपुढे काहीच नाही. खाडीवर मस्त वारा होता. आई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मला वाटलं होतं, आता बोटीत बसणं काही होत नाही.’ मला उगीचच भरून आलं.

वसईची जेट्टी किल्ल्याला अगदी लागून आहे. पोर्तुगीजांनी १५३४मध्ये वसई घेतली आणि दोनशे वर्षं इथे एक अख्खं शहर नांदवलं. आज त्यातली चर्चं बिनछपराची उभी आहेत. भिंतींतून वडाच्या मुळ्या बाहेर आलेल्या, कमानींखाली प्री-वेडिंगवाल्या जोड्यांची पोझसाठी रांग.

आणि इथे, चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी, माझा नवरा बोलायला लागला. दोन महिन्यांत ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ यापलीकडे न गेलेला माणूस! मराठ्यांनी महिनोन् महिने घातलेला वेढा, तटाखाली पेरलेले सुरुंग, १७३९च्या मे महिन्यात हाती आलेला किल्ला... ‘म्हणजे एवढ्याच उन्हात?’ लेक. ‘एवढ्याच उन्हात, आणि टोपीला सनस्क्रीन नव्हतं.’ इथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा त्यातलीच सांगतात, हेही त्याने सांगितलं. शेजारचं एक कुटुंब तर आमचा गाइड समजून मागे मागे यायला लागलं. शेवटी त्यांनी विचारलं, ‘सर, तुम्ही शिक्षक का?’ तो हसला. खूप दिवसांनी हसला.

येताना वसईच्या बाजारातून सुकेळी घेतली. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात, की झाली सुकेळी. फ्रीज नाही, साखर नाही आणि चव अशी की विचारू नका! एकूण खर्च ५६० रुपये. (किल्ल्यात सावली कमी आणि खायला फारसं काही मिळत नाही. पाणी भरपूर न्या.)

तिसरा रविवार : तलावपाळी

या वेळी संध्याकाळ निवडली. बोरिवलीहून घोडबंदर रोडने जाणारी बस पकडली की ठाणं. रस्त्यावर मेट्रोची कामं, ट्रॅफिक, सगळं सहन केलं आणि सहाला मासुंदा तलावावर. ठाणेकर त्याला तलावपाळी म्हणतात आणि तिथे फिरायला येणं हा त्यांचा हक्कच मानतात. आधी कौपिनेश्वराचं दर्शन, मग पाळीवरून चक्कर, मग भेळ.

एप्रिल आणि ठाणं म्हटलं की एक गोष्ट सांगायलाच हवी. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली, ती आली ठाण्याला. सुमारे ३४ किलोमीटर. आज तोच प्रवास आपण दरवाजात लटकून, शिव्या देत करतो. त्या दिवशी मात्र लोक ती गाडी बघायला रुळांच्या कडेने गर्दी करून उभे होते.

आईंना बाकावर बसवून आम्ही पायडल बोट घेतली. तलावाच्या मध्यावर गेल्यावर लेक अगदी सहज म्हणाली, ‘बाबा, नवीन नोकरी मिळाली की आपण रविवारी येऊ शकणार ना?’

आमचे पाय थांबले. बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली.

‘तुला कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही. सुट्टी असलेली माणसं जिन्याने जात नाहीत.’

दोन महिने आम्ही दोघं तिला सांभाळत होतो आणि दोन महिने ती आम्हाला सांभाळत होती. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, बँकॉकचं नाव काढलं नव्हतं. नवरा पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘येणार. रविवार आपलाच.’ किनाऱ्यावरून बोटवाला शिट्टी मारत होता. वेळ कधीच संपली होती. खर्च ६१० रुपये, त्यात चार कुल्फ्या.

चौथा रविवार : सहाव्या मजल्याच्या वर

शेवटच्या रविवारी कुठेच गेलो नाही. सकाळी लवकर स्टेशनजवळ जाऊन करवंदं आणि जांभळं आणली. आदिवासी बायका टोपल्या घेऊन पहाटेच्या गाड्यांनी येतात, उशीर केलात तर तळाचा माल उरतो. संध्याकाळी सेक्रेटरींकडून गच्चीची चावी मिळवली (त्यांची समजूत काढणं हे बँकॉकच्या व्हिसापेक्षा अवघड!), चटया टाकल्या आणि उरलेल्या सगळ्या मुलांना बोलावलं. हळूहळू त्यांचे आई-बाबाही आले. पन्हं, ओली भेळ, करवंदं. पूर्वेला नॅशनल पार्कचे डोंगर काळे होत गेले. आईंनी मुलांना ऐंशी सालचं बोरिवली सांगितलं. दादरला बोरिवली सांगितलं की नातेवाईक विचारायचे, ‘एवढ्या जंगलात राहायला जाताय?’

आणि मग तो प्रश्न आलाच. पाचव्या मजल्यावरच्या काकू, दुबईहून नुकत्याच परतलेल्या. ‘काय हो, तुमचं बँकॉक कसं झालं?’

मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं. नवरा माझ्या आधी बोलला. ‘नाही गेलो. फेब्रुवारीत नोकरी गेली माझी, शोधतोय. पण काकू, वसईचा किल्ला बघितलाय का तुम्ही?’

क्षणभर शांतता. मग तिसऱ्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, ‘माझीही डिसेंबरातच गेली.’ आम्हाला पत्ता नव्हता. आमच्यासारखाच तोही माणूस महिनोन् महिने प्रश्न चुकवत होता! त्या रात्री बायोडेटा इकडून तिकडे गेले, दोन फोन नंबर मिळाले. खर्च १४० रुपये. आणि चटया गोळा करून आम्ही खाली आलो ते लिफ्टने.

त्यातला कुठलाच नंबर कामी आला नाही, हे खरं सांगायला हवं. नवऱ्याला जुलैमध्ये नोकरी लागली ती दुसरीकडे आणि आधीपेक्षा कमी पगाराची. उपनगरातल्या सहलींनी हप्ते भरले जात नाहीत. पण घरातलं एक कुलूप निघालं, हे नक्की.

परवा कपाट आवरताना ती हिशोबाची वही सापडली. चार रविवारांची बेरीज २१०० रुपये. सगळ्या नोंदी लेकीच्या गोल अक्षरात : बस, बोट, सुकेळी, कुल्फी. आणि दर पानाच्या शेवटी एक ओळ, जी मी तेव्हा वाचलीच नव्हती. ‘बाबा, पूर्ण दिवस : ० रुपये.’

यंदाचा एप्रिल आलाय. लिफ्टमध्ये पुन्हा तोच प्रश्न सुरू झालाय. नव्या नोकरीत नवऱ्याला बऱ्याच रविवारी काम असतं, त्यामुळे त्या ओळीत यंदा शून्य बसणार नाही. तरी त्याने चार दिवसांच्या रजेचा अर्ज टाकलाय. लेकीने पहिलं ठिकाण ठरवूनही टाकलंय : नालासोपारा!