गुरुवारी येते

माझी आई नर्स होती असं सांगितलं की लोक लगेच विचारतात, "कुठल्या हॉस्पिटलात?" कुठल्याच नाही. ती उपकेंद्रात होती. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जंगलाच्या तोंडाशी असलेल्या एका गावात दोन खोल्यांचं कौलारू उपकेंद्र होतं. पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. सरकारी कागदावर तिचं पद एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका. गावात हे नाव कुणी कधी घेतलं नाही. गावात ती नुसती 'बाई'.

बाबा बेळगावला नोकरीला, दादा शाळेसाठी शहापूरला आजीकडे. त्यामुळे उपकेंद्रात आई आणि मी दोघीच. आठवड्यातले चार दिवस तिची फिरती असायची. काळी पिशवी, छत्री, झोळीचा काटा, आणि तंबाखू-चुन्याची एक पुरचुंडी. तंबाखू खायला नाही, जळवांसाठी. आमच्याकडे आषाढ-श्रावणात पाय जमिनीला लागला की जळू चढलीच. सुट्टीच्या दिवशी मीही तिच्याबरोबर जायची. चपला हातात घेऊन साकव ओलांडायचा, पलीकडे गेल्यावर पोटऱ्या तपासायच्या, मग पुढे.

हॉस्पिटलात लोक नर्सकडे येतात. इथे आई लोकांकडे जायची, आणि बहुतेक घरांत कुणी आजारी नसायचंच. पोटुशी बाई, बाळंतीण, तान्हं मूल, दीड-दोन वर्षांचं रांगतं-धावतं पोर. ओसरीवर बसायचं, चहा नको म्हणायचं, तरी आलेला प्यायचा. मग बाळाला उघडं करायला लावायचं. हे ती न चुकता करायची. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ बघून तिचं समाधान व्हायचंच नाही. "तोंड काय बघायचंय, पोट दाखव," म्हणायची. पोटावर आणि तळपायावर हाताची मागची बाजू लावायची. पोट कोमट आणि पाय गार असले तर बाळ गारठतंय. मग मनगटावरचं घड्याळ समोर धरून श्वास मोजायची. पूर्ण एक मिनिट. तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलेलं तिला चालायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा त्याहून जास्त भरले तर ती परत मोजायची. परतही तेवढेच आले तर मग कुणाचं ऐकायची नाही. बैलगाडी जुंपायला लावायची.

तेव्हा मला हे काम अगदी कंटाळवाणं वाटायचं. डॉक्टर कसे, कापतात, शिवतात. आमची आई घड्याळाकडे बघत बसते.

ती नोकरीला लागली तेव्हा त्या भागात बहुतेक बाळंतपणं घरीच व्हायची. नाळ कापायला विळा नाहीतर कोयता, आणि बेंबीवर राख किंवा शेण. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत चांगलं ओढणारं बाळ अचानक दूध सोडायचं, जबडा आवळायचा, अंग धनुष्यासारखं वाकायचं. लोक म्हणत, सटवाईनं नेलं. तो धनुर्वात होता. त्यावरचा उपाय ऐकायला अगदीच साधा. पोटुशीला महिन्याच्या अंतरानं टीटीची दोन इंजेक्शनं, आणि बाळंतपणात हात, जागा, पातं, दोरा स्वच्छ, बेंबीवर काही लावायचं नाही. पण हे त्या घरांत पोचवायचं कसं? आईनं सुईणींशी भांडण काढलं नाही. त्यांच्याशी मैत्री केली. एक म्हातारी सुईण तर आमच्याकडे जेवायलाच असायची. आई तिला नवी ब्लेडं द्यायची आणि ती आईला कुणाला कितवा महिना लागलाय ते सांगायची. रजिस्टरच्या आधी खबर तिच्याकडे.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. पेपरात कोपऱ्यात बातमी होती. आईनं ती भिंगातून दोनदा वाचली आणि म्हणाली, "म्हातारी असायला हवी होती." म्हातारी म्हणजे ती सुईण.

सगळंच जुनं तिनं मोडीत काढलं असं नाही. तेल लावून हलकं चोळायला तिची हरकत नव्हती. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, आळीव, मेथी खुशाल द्या म्हणायची. मधाचं बोट, बाळगुटी आणि बंद खोलीतली धुरी मात्र तिला खपत नसे. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नाही. यावरून आमच्याच आजीशी तिचे खटके उडालेले मी पाहिलेत. दादा आणि मी दोघंही गुटीवर वाढलो, असं आजी म्हणायची. आई म्हणायची, गुटी असूनही वाढलो.

आमच्या घरात आईची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. तीस वर्षांच्या नोकरीत तिनं फिरती चुकवली ती एकदाच, आणि तीही माझ्यासाठी. १९८३ चा पावसाळा. मी चौथीत होते आणि मला गोवर निघाला. गोवराची लस सरकारी कार्यक्रमात १९८५ मध्ये आली, त्यामुळे नर्सची मुलगी असूनही मला ती मिळाली नव्हती. ताप उतरेना, डोळे उघडवेनात, खोकून जीव नकोसा झाला होता. आई उशाशी बसून राहिली. ओल्या फडक्यानं डोळे पुसत होती, चमच्यानं पेज पाजत होती. तेवढंच मला आठवतं. ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितलीय. आईच्या पंचाहत्तरीला दहा-बारा लोकांसमोर उभी राहूनही सांगितली. आई तेव्हा खाली बघत होती. मला वाटलं, कौतुकानं संकोचली असेल.

२०१९ मध्ये माझ्या पुतणीला मुलगा झाला. इथेच, बेळगावात, चांगल्या खासगी हॉस्पिटलात. दिवस पूर्ण भरले नव्हते. वजन २ किलो १०० ग्रॅम. चौथ्या दिवशी घरी सोडलं, पुढची तारीख दिली. पाचव्या दिवशी घरात पाचवीची गडबड. वहिनींच्या माहेरची माणसं आलेली, पाट्यावर पूजा मांडायची होती. सकाळी दारात आशाताई आल्या. गुलाबी साडी, खांद्याला पिशवी. बाळाला बघायला आलेय म्हणाल्या. हॉस्पिटलात बाळंतपण झालं असलं तरी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, अशा सहा दिवशी त्यांनी घरी येऊन बाळ बघायचं असतं. तिसऱ्या दिवशी आमचं बाळ हॉस्पिटलातच होतं, म्हणून त्या आता आल्या होत्या. वहिनी अगदी गोड बोलल्या. "अहो, आमचे मुलांचे डॉक्टर आहेत. आणि आज जरा गडबड आहे बघा." चहा विचारला. त्या नको म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

मी तिथेच उभी होते, फुलं निवडत. मी एक अक्षर बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, या बाई आपल्याकडे कशाला? त्या गरिबांच्या वस्तीसाठी असतात. एका उपकेंद्राच्या मागच्या खोलीत वाढलेल्या मुलीला हे वाटलं.

संध्याकाळी बायका बाळाला बघून जात होत्या आणि जो-तो म्हणत होता, किती शहाणं आहे गं, रडतच नाही. आई आतल्या खोलीत पलंगावर होती. शहात्तर वर्षांची, गुडघे गेलेले. तिनं तिथून विचारलं, "कोण रडत नाही?"

काठी टेकत बाहेर आली. बाळाला घेतलं नाही. म्हणाली, "उघडं करा." वहिनी म्हणाल्या, "आत्ताच झोपलंय हो." आई म्हणाली, "शेवटचं कधी प्यायलं?" पुतणी आठवायला लागली. दुपारी थोडं ओढलं होतं. नाही, दुपारी नाही, सकाळी. आईनं पाय बघितले. गार. छातीवर नजर ठेवली आणि मला म्हणाली, "घड्याळ धर." तिला सेकंदकाटा दिसत नव्हता. मी घड्याळ धरलं, ती मोजत राहिली. ६६. परत. ७०. बरगड्यांच्या खाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. तो आम्हा सगळ्यांच्या समोर पडत होता. दुपट्याच्या आत.

"परवाची अपॉइंटमेंट आहे," कुणीतरी म्हणालं.

"रिक्षा बोलवा," आई म्हणाली. "आणि त्याला आईच्या छातीशी धरा, झबलं काढून. वरून शाल घ्या."

रक्तात जंतुसंसर्ग होता. आठ दिवस बाळ अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत राहिलं. त्या रात्री आई हट्टानं आमच्याबरोबर हॉस्पिटलात आली आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिली. दोनच्या सुमारास दादा चहा आणायला गेला तेव्हा ती माझ्याशी बोलायला लागली. माझ्याकडे न बघता.

ओढ्यापलीकडे गवळ्यांचा वाडा होता, आठवतो का, म्हणाली. मला अंधुक आठवत होता. तिथे एका गवळणीला अदमासे सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी झाली. घरीच. दुसऱ्या दिवशी आई जाऊन आली होती. काट्यावर दोन किलोही भरली नव्हती, पण ओढत होती. आईनं सगळं समजावून सांगितलं, अंगाशी धरायचं कसं, दूध वाटीत काढून पाजायचं कसं. निघताना म्हणाली, "गुरुवारी येते."

गुरुवारी ती गेली नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी गेली तेव्हा मुलगी नव्हती.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"काय माहीत. गुरुवारी दूध सोडलं, धापा टाकत होती म्हणाले. न्यूमोनिया असेल. ओढ्याला पाणी होतं. मी गेले असते तरी पेशंटला घेऊन पलीकडे येता आलं असतं की नाही, कोण जाणे." मग थोड्या वेळानं, "ती पोरीची आई काही बोलली नाही गं. ताक दिलं मला. आणि म्हणाली, बाई, तुमी येणार म्हणून वाट बघितली."

कुठलं साल, ते तिनं सांगितलं नाही. पाऊस आणि ओढ्याचं पाणी एवढ्यावरून मला कळायचं नव्हतं. पण तिनं फिरती चुकवली ती एकदाच, हे मीच तर सगळ्यांना सांगत आले होते.

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण मला समजावलं वगैरे नाही. नंतर एवढंच म्हणाली की, त्या काळी तिच्याकडे गोळी नव्हती, इंजेक्शन द्यायची परवानगी नव्हती. होतं ते फक्त मोजणं आणि वेळेत पाठवणं. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी पुढे गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलासुद्धा. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. आईनं ते तेव्हा मराठी पेपरात वाचलं होतं आणि कात्रण रजिस्टरात ठेवलं होतं. आशाताईंच्या आजच्या भेटींमागे तेच काम आहे. २०११ पासून त्या देशभर सुरू झाल्या. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आशाताईंना एका बाळामागे २५० रुपये मिळायचे. आमच्या पाचवीच्या फुलांना त्याहून जास्त गेले होते.

बाळ घरी आल्यावर मी स्वतः जाऊन आशाताईंना बोलावून आणलं. माफी वगैरे मागायची मनात होती, पण त्यांनी संधीच दिली नाही. "आता कसा आहे?" म्हणाल्या, चप्पल काढली आणि आधी मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. कोपरापर्यंत. आई पलंगावरून ते बघत होती.

त्यांनी झोळी काढली, काटा लावला. २ किलो ३५०. तापमान घेतलं, बेंबी बघितली. पुतणीला पाजायला बसवलं आणि बाळाचं तोंड नीट लागलंय का ते वाकून पाहिलं. मग श्वास मोजायला मोबाइलवर मिनिट लावलं. आईनं मला खुणावलं. मी तिच्यासमोर घड्याळ धरलं. दोघी एकाच वेळी मोजायला लागल्या. खोलीत कुणी बोलेना. वहिनींनी पंखासुद्धा बंद केला.

"चव्वेचाळीस," आशाताई म्हणाल्या.

"सेहेचाळीस," आई म्हणाली.

आशाताई हसल्या. "ठीक आहे की आजी. साठच्या आतच आहे."

"असू दे," आई म्हणाली. "परत मोजा."