कंडेन्सर, व्हॉल्व्ह आणि कान

मुलुंडला आमच्या शेजारचे काका ठाण्याच्या मर्फी कारखान्यात होते. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून त्यांनी घरीच जुळवलेला ईएल-८४ व्हॉल्व्हचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या मागे माझ्याकडे आला. बरीच वर्षं तो माळ्यावर पडून होता. असा सेट थेट प्लगला लावायचा नसतो. सप्लायच्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पातळ थर हेच इन्सुलेशन. दीर्घकाळ व्होल्टेज मिळालं नाही की हा थर कमजोर होतो. मग अचानक ३०० व्होल्ट आले, तर कंडेन्सर तापतो, कधी फुटतोही.

म्हणून हे कंडेन्सर सोडवून घेतले आणि २२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून व्होल्टेज सावकाश चढवत नेलं. ३०० व्होल्टला रेझिस्टरवर सुरुवातीला नव्वदेक व्होल्ट दिसत होते, म्हणजे चारएक मिलिअँपिअर गळती. रात्रीपर्यंत ते दहाच्या खाली उतरले. थर पुन्हा बसला होता. कंडेन्सर वापराने ‘मुरतो’ म्हणतात, त्याला खरा अर्थ असेल तर तो हा. मीटरवर दिसतो.

दुसरं दुखणं मेणकागदी कपलिंग कंडेन्सरांचं. कागद ओल धरतो आणि मुंबईचा पावसाळा त्याला सोडत नाही. मागच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवरचा डीसी गळून ईएल-८४च्या ग्रिडवर येत होता. तिथे शून्य हवं, मीटर दोन व्होल्टच्या वर दाखवत होता. ४७० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर एवढं व्हायला ५ मायक्रोअँपिअर गळती पुरते. बायसच मुळात सातेक व्होल्टचा, त्यामुळे व्हॉल्व्ह जास्त प्रवाह ओढून तापत होता आणि सूर फाटत होते. पॉलिप्रॉपिलीनचे फिल्म कंडेन्सर घातले, तक्रार संपली.

ते देताना दुकानदार म्हणाला, “शंभर-दोनशे तास वाजू द्या, मग आवाज खुलेल.” काही आठवड्यांनी मलाही तो खुलल्यासारखा वाटला. पण बदललं कोण, कंडेन्सर की मी? घाटकोपरच्या मित्राला बोलावलं. एका चॅनलमध्ये इतके आठवडे वाजलेला कंडेन्सर, दुसऱ्यात त्याच लॉटमधला कोरा. कुमार गंधर्वांची एलपी मोनोवर, दोन्ही चॅनल आळीपाळीने एकाच स्पीकरला. मोकळ्या चॅनलला ८ ओहमचा रेझिस्टर लावला होता. लोडशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कंडेन्सर आणि व्हॉल्व्ह बाजू बदलूनही पाहिले. कोणता चॅनल चालू आहे हे न सांगता विचारलं, तर मित्राची उत्तरं कधी बरोबर, कधी चूक. मीही तसाच. उलट थंड सेट आणि अर्धा तास तापलेला सेट यांतला फरक स्वयंपाकघरातून बायकोनेही ओळखला.

त्यामुळे फिल्म कंडेन्सर ‘मुरण्याची’ वाट पाहत बसू नका. तोवर मुरतो तो आपला कान. मात्र जुना सेट हाताळताना एक सांभाळा. बंद करून प्लग काढल्यावरही इलेक्ट्रोलिटिकमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात. आत हात घालण्याआधी रेझिस्टर जोडून ते उतरवा आणि मीटरवर शून्य आल्याची खात्री करा.