चिखल्याच्या देव्हाऱ्यातील रुपया

तुमसर रोड स्थानकावर हावड्याचा मोठा लोहमार्ग सोडून तिरोडीच्या फाट्यास लागले, म्हणजे हा मुलूख जितका भाताचा तितकाच काळ्या दगडाचा आहे, हे प्रवाशाच्या लवकरच ध्यानात येते. गोबरवाहीस उतरून चिखल्याकडे निघालो, तो रस्त्याची धूळदेखील काळपट दिसू लागली. वाटेत पडलेला मँगनीजचा एक दगड उचलला. आकाराच्या मानाने तो इतका जड की नवख्याचे मनगट खाली जावे! या पट्ट्यातील एका खडकास भूशास्त्रज्ञ फर्मॉर यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असे नाव दिले, आणि ते जगभरच्या ग्रंथांत रूढ झाले. येथील खाणी आज ज्या 'मॉइल' कंपनीकडे आहेत ती १९६२ सालची. तिच्या पूर्वज इंग्रज मंडळीचा आरंभ १८९६ चा.

परंतु मी चिखल्यास गेलो तो खाण पाहावयास नव्हे, एक रुपया पाहावयास. माझ्या स्नेह्यांच्या घराण्याचा कुलवृत्तान्त सिद्ध होत आहे. त्यांचे पणजोबा कारकून म्हणून या खाणीवर आले, एवढे सर्वांस ठाऊक. कोणत्या साली आले, ते कोणासच ठाऊक नाही. कागदपत्र उरलेले नाही. उरला आहे तो पहिल्या पगारातला एक रुपया. 'त्यावरचे साल वाचले की झाले,' असे घरातली मंडळी वर्षानुवर्षे म्हणत आली. आणि वाचावयास गेले तेव्हा त्यावर साल नव्हते.

स्नेह्यांच्या मातोश्रींनी देव्हाऱ्यातून तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. "भोसल्यांच्या वेळचा असेल का हो?" त्यांनी विचारले. ती शंका प्रथमदर्शनीच फिटली. भोसल्यांच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाच्या नावाची फारसी अक्षरे असत, आणि ठसा मोठा व चकती लहान असल्यामुळे साल पुष्कळदा चकतीबाहेरच राही. हा रुपया पातळ, रुंद, यंत्रावर पाडलेला. आणि एका अंगास मुकुटधारी स्त्रीच्या मुखाची पुसट रेषा. म्हणजे व्हिक्टोरिया. शिवाय कंपनी सरकारच्या १८४० च्या रुपयावर राणीच्या मस्तकी मुकुट नाही. तेव्हा हा १८६२ च्या अलीकडचा.

पुढचे काम अक्षरांचे. खोली अंधारी करून विजेरीचा प्रकाश अगदी आडवा पाडला. नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल हलकेच फिरविली. मुखामागच्या कडेस पाच अक्षरांच्या खुणा उमटल्या. बाईने बादशाहीण ही पदवी १८७६ साली धारण केली आणि १८७७ पासून नाण्यावर 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस' हा सात अक्षरांचा शब्द आला. येथे सातांना जागाच नव्हती. रुपया १८६२ ते १८७६ यांमधला ठरला.

"नेमके साल?" स्नेह्यांनी विचारले. त्यांस सांगावे लागले, की आकडे शाबूत असते तरी त्यांवर विश्वास ठेवता आला नसता. टाकसाळींनी १८६२ हाच आकडा १८७४ पर्यंत रुपयांवर चालू ठेवला होता. मुंबईच्या टाकसाळीने सालाच्या वर-खाली बारीक ठिपके घातले, त्यांवरून अभ्यासक खरे वर्ष काढतात. येथे ते ठिपकेही गेले होते. आणि खाणीवर पगार वाटला जाईपर्यंत हा रुपया पंचवीस-तीस वर्षांचा जुना झालेला. तो टाकसाळीतून कधी निघाला हे कळले, तरी पणजोबांच्या हाती कधी पडला ते त्यावरून कसे कळावे? मातोश्रींचा चेहरा उतरला.

तुमसरच्या सराफाकडून रुपया तोलून आणला. नवा रुपया एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, हा ११.१८ भरला. झीज शेकडा चारांहून थोडी अधिक. १९०६ च्या नाणेविषयक कायद्याप्रमाणे शेकडा दोनांहून अधिक झिजलेला रुपया घेण्याचे बंधन कोणावर नव्हते. मग कंपनीच्या कारकुनाने असला हलका रुपया मुकाट्याने घेतला असेल काय? मला ते पटेना. पुन्हा भिंग लावले, आणि कडेकडे लक्ष गेले. कडेचे दाते बोटास टोचावेत इतके तीक्ष्ण होते! बाजारात फिरून झिजलेल्या नाण्याची कडही गुळगुळीत होते. येथे कड ताजी आणि दोन्ही तोंडे मात्र सपाट.

"आजी, हा रुपया घासता कशाने?"

"दिवाळीला चिंच नि रांगोळी. सासूबाई तर दर शुक्रवारी राखेने लख्ख करीत."

त्या बोलत असतानाच थांबल्या. मीही काही बोललो नाही. रुपया घरात आला तेव्हा बहुधा पुरत्या वजनाचा, ठसठशीत असावा. त्यावरील आकडे पुसले ते याच देव्हाऱ्यासमोर, तीन पिढ्यांच्या हातांनी.

यापुढे चिंच लावू नये, कोरड्या मऊ वस्त्राने टिपावा, एवढे मी सुचविले. "मग लक्ष्मीपूजनाला देवापुढे काळा रुपया ठेवायचा?" या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते.

कुलवृत्तान्तात पणजोबांच्या नावापुढची सालाची चौकट स्नेह्यांनी कोरी ठेविली आहे. खाणीची जुनी पगारपत्रके कोठे उरली असल्यास ती पाहावयाची आहेत. निघताना पाहिले, तो रुपया पुन्हा ताम्हनात होता, आणि त्यावर ओले हळदकुंकू.